कोण कुठे झोपतो, हे ठाऊक असलेला माणूस : लंडनचे वॉर्डन, १९४०–४१

आडवाट (धागाकर्ता)

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रातून मुंबई, उरण आणि तारापूर यांची नावे सर्वांत संवेदनशील गटात होती. तेव्हा बहुतेक चर्चा भोंग्यांची आणि दिवे मालवण्याची झाली. इमारत कोसळल्यानंतर ढिगाऱ्याखाली किती माणसे आहेत आणि ती कोणत्या अंगाला आहेत हे कोण सांगणार, हा प्रश्न मात्र मला कुठे वाचायला मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या वस्त्यांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते म्हणजे वॉर्डन, हवाई हल्ल्यांत आपल्याच गल्लीची काळजी घेणारा नागरी संरक्षणाचा रक्षक. त्याविषयी हा धागा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या झेपेलिन हवाई जहाजांच्या आणि गोथा बॉम्बफेकी विमानांच्या हल्ल्यांत ब्रिटनमध्ये सुमारे १,४०० माणसे मेली होती. त्यावरून पुढच्या युद्धाचे गणित मांडणाऱ्या सरकारी तज्ज्ञांनी १९३७ साली असा अंदाज बांधला, की पहिल्या साठ दिवसांतच सहा लाख माणसे दगावतील. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये वॉर्डन सेवा उभी राहिली, बचावाच्या तयारीचा कायदा १ जानेवारी १९३८ पासून लागू झाला आणि सप्टेंबर १९३८ मधल्या म्यूनिकच्या पेचप्रसंगापर्यंत सुमारे ३ कोटी ८० लाख वायुरोधक मुखवटे वाटून झाले. ज्या विषारी वायूची एवढी धास्ती घेतली होती तो पुढे वापरला गेलाच नाही. वायूचा इशारा देण्यासाठी वॉर्डनांच्या हाती दिलेले लाकडी खुळखुळे युद्ध संपेपर्यंत तसेच पडून राहिले.

साधारण पाचशे रहिवाशांमागे एक चौकी आणि चौकीत चार-पाच वॉर्डन, अशी रचना होती. युद्धकाळात एकंदर सुमारे चौदा लाख लोकांनी हे काम केले आणि त्यांतले बहुतेक अर्धवेळ व बिनपगारी होते; दिवसभर नोकरी किंवा दुकान सांभाळून रात्री गस्त घालणारे. सुमारे सहांतली एक वॉर्डन स्त्री होती. जे थोडे पूर्णवेळ होते त्यांच्यातल्या पुरुषांना आठवड्याला तीन पौंड आणि स्त्रियांना दोन पौंड मिळत, बॉम्ब मात्र दोघांवर सारखेच पडत. पहिले वर्षभर लंडनवर फारसे काही पडले नाही, त्यामुळे लोकांच्या दृष्टीने हे पत्ते कुटत फुकटचा पगार खाणारे लोक होते. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट सुरू झाला आणि पडद्याच्या फटीतून उजेड दिसला की दार ठोठावणारा म्हणून वॉर्डन आणखीच नकोसा झाला. एकट्या १९४० सालात ब्लॅकआउट मोडल्याबद्दल सुमारे तीन लाख लोकांवर खटले झाले, यावरून ही कटकट किती घरांपर्यंत पोचली होती याची कल्पना यावी.

मला ज्याविषयी लिहायचे आहे ते काम याच नकोशा काळात, कोणाच्या फारसे लक्षात न येता चालले होते. प्रत्येक चौकीवर त्या भागातल्या रहिवाशांची नोंद ठेवली जाई : कोणत्या घरात किती जण राहतात, त्यांतले रात्रपाळीला कोण जातात, अंथरुणाला खिळलेले कोण आहेत, तान्ही मुले कुठे आहेत आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हल्ल्याच्या रात्री कोण कुठे झोपतो. ७ सप्टेंबर १९४० रोजी मोठे हल्ले सुरू झाले आणि लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडत राहिले, तेव्हा या नोंदीची किंमत कळली.

लंडन म्हटले की भुयारी रेल्वेच्या फलाटांवर दाटीवाटीने झोपलेली माणसे आपल्याला आठवतात, कारण छायाचित्रे त्यांची आहेत. नोव्हेंबर १९४० च्या पाहणीत मात्र असे दिसले, की भुयारी स्थानकांत झोपणारे लंडनकर शंभरांत चार होते, सार्वजनिक निवाऱ्यांत नऊ आणि घरच्या निवाऱ्यात सत्तावीस. उरलेले साठ जण आपल्याच घरात, जिन्याखाली, टेबलाखाली, तळघरात किंवा सरळ आपल्या पलंगावर झोपत होते. घर कोसळल्यावर शोधपथक आंधळेपणाने खणू लागले तर तास वाया जातात आणि खणण्याने ढिगारा खचून आत अडकलेला माणूस गुदमरू शकतो. अशा वेळी वॉर्डन येऊन सांगे, की या घरातली आजी मागच्या जिन्याखाली झोपते, भाडेकरू आज रात्रपाळीला गेला आहे, तेव्हा समोरची बाजू सोडा आणि मागून शिरा. मग सगळ्यांना गप्प करून, काम थांबवून, ढिगाऱ्याला कान लावला जाई.

त्याआधी त्याने आणखी एक काम उरकलेले असे. बॉम्ब पडताच ठरावीक नमुन्याच्या कागदावर जागा, बॉम्बचा प्रकार, अडकलेल्यांचा अंदाज, आग, फुटलेली गॅसची वा पाण्याची नळी आणि बंद झालेले रस्ते एवढे लिहून तो अहवाल फोनने नियंत्रण कक्षाकडे जाई. फोन तुटला असेल तर सायकलवरचे सोळा-सतरा वर्षांचे पोर घेऊन जाई. रुग्णवाहिका किती आणि बंब कुठे पाठवायचे हे त्या कागदावर ठरे. घाबरून आकडा फुगवणारा वॉर्डन दुसऱ्या गल्लीतल्या माणसांचा जीव धोक्यात घालत असे.

युद्धात नागरी संरक्षणाचे जवळजवळ सात हजार कर्मचारी आणि स्वयंसेवक मारले गेले, तेव्हा धैर्याचा प्रश्नच नाही. पण धैर्य बाहेरून आलेल्या सैनिकाकडेही असते. गल्लीची माहिती गल्लीतल्याच माणसाकडे असते आणि या स्वयंसेवकांचे खरे भांडवल ते होते, असे माझे मत आहे. इतरांना काय वाटते ते वाचायला आवडेल.

चाळकरी

धागा आवडला. डिसेंबर १९७१ मध्ये मी गिरगावात शाळकरी वयाचा होतो, म्हणून थोडी भर घालतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले होते, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला होता आणि संध्याकाळनंतर दंडाला पट्टी बांधलेली तरुण मुले खालून ओरडत फिरत असत. त्यांना आम्ही पोरे अर्थातच वाकुल्या दाखवत होतो.

आपल्या मुद्द्याविषयी सांगायचे, तर आमच्या चाळीत अशा वहीची गरजच नव्हती. कोणाचा मुलगा गॅलरीत झोपतो, कोणाच्या घरी गावाहून पाहुणे आले आहेत, कोणाची सासू रात्री उठून मोरीकडे जाते, हे मजल्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. लंडनला जे नेमणूक करून मिळवावे लागले ते आमच्याकडे भांडणांसकट फुकट मिळत होते. त्याच चाळीच्या जागी आता बावीस मजली इमारत आहे आणि शेजारच्या दाराआड कोण राहतो हे मला सांगता येणार नाही.

उलटतपासणी

आडवाट, लेख माहितीपूर्ण आहे, परंतु स्वयंसेवकांच्या गौरवात सरकारची जबाबदारी झाकली जाते, असा माझा आक्षेप आहे. शंभरांतले साठ जण घरात का झोपत होते, हा प्रश्न आपण विचारलेला नाही. जमिनीखाली खोल निवारे बांधा, अशी मागणी युद्धाआधीपासून होत होती आणि ती फेटाळली गेली. त्याऐवजी पत्र्याचा अँडरसन निवारा दिला. तो वर्षाला अडीचशे पौंडांहून कमी मिळकत असणाऱ्यांना फुकट होता खरा, पण तो पुरायला परसबाग लागत असे. ईस्ट एंडच्या दाट वस्तीतल्या गोदी कामगाराने बाग कुठून आणायची? भुयारी रेल्वेत झोपायलाही आधी मनाई होती. लोकांनी दीड पेनीचे तिकीट काढून आत शिरायचे आणि बाहेर यायचेच नाही असा मार्ग काढला, तेव्हा सरकार नमले. १४ सप्टेंबर १९४० रोजी स्टेपनीमधले काही रहिवासी कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने सॅव्हॉय हॉटेलच्या आलिशान निवाऱ्यात जाऊन बसले, तेही याच संतापातून.

कॅनिंग टाउनमधल्या साउथ हॉल्सव्हिल शाळेचे उदाहरण तर विसरता येत नाही. घरे गमावलेली माणसे तिथे ठेवली होती, त्यांना हलवण्यासाठी बसगाड्या येणार होत्या, त्या वेळेवर आल्या नाहीत आणि १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर बॉम्ब पडला. अधिकृत आकडा ७७ मृत्यूंचा आहे. तिथल्या लोकांनी तो कधीच खरा मानला नाही. तिथे कोण कुठे झोपले आहे हे सर्वांना ठाऊक होते. त्या माहितीचा उपयोग काय झाला?

आडवाट

उलटतपासणी, आपला आक्षेप रास्त आहे आणि शाळेच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. वॉर्डनची नोंद माणसाला ढिगाऱ्यातून काढण्यापुरती कामाची असते. बस, निवारा, रुग्णालय हे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. तरीही एक बाजू मांडतो. भुयारी स्थानकांत आणि मोठ्या निवाऱ्यांत शौचालये, खाटा, पिण्याचे पाणी आणि रांगेची शिस्त या गोष्टी आधी तिथल्या रहिवाशांनी स्वतः समित्या नेमून सुरू केल्या आणि अधिकृत व्यवस्था मागून आली. स्पिटलफील्ड्समधल्या एका प्रचंड तळघराचे व्यवस्थापन मिकी डेव्हिस नावाच्या, जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या चष्मेविक्रेत्याने हाती घेतले आणि तो निवारा त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या अर्थी सरकार कमी पडत होते, त्या अर्थी शेजारचा माणूस अधिकच लागत होता, असे मी म्हणेन. बेथनल ग्रीनच्या भुयारी स्थानकातल्या निवाऱ्यात ३ मार्च १९४३ रोजी एकही बॉम्ब न पडता जिन्यात चेंगरून १७३ माणसे मेली. तो जिना अंधारा होता, मध्ये कठडा नव्हता आणि तो धोका आधी कळवूनही दुरुस्तीला पैसे मंजूर झाले नव्हते. माहिती होती, तिला किंमत देणारे नव्हते.

बर्फातला कावळा

मी जर्मनीत राहतो, म्हणून या नाण्याची दुसरी बाजू लिहितो. इथेही अगदी अशीच रचना होती. गोरिंगच्या हवाई खात्याच्या अधिपत्याखाली १९३३ साली हवाई संरक्षण संघ स्थापन झाला, त्याचे सदस्य एक कोटीच्या वर गेले आणि भाड्याच्या प्रत्येक इमारतीत एक रक्षक नेमला गेला. कोण कुठे झोपतो हे त्यालाही ठाऊक असे. पण त्याच इमारतींवर नाझी पक्षाचा ब्लॉकप्रमुखही लक्ष ठेवून असे, आणि कोण परदेशी रेडिओ ऐकतो, कोण झेंडा लावत नाही ही माहिती त्याच जिन्यावरून वर जात असे. ज्यूंना सर्वांच्या निवाऱ्यात जागा नव्हती. पूर्वेकडून वेठबिगारीसाठी आणलेल्या मजुरांना बंकरमध्ये शिरू दिले जात नसे. यादी परिपूर्ण होती आणि आत कोणाला घ्यायचे नाही हेही त्या यादीवरूनच ठरत होते.

म्हणून आडवाट यांच्या लेखात मला एक कमतरता जाणवते. गल्लीची माहिती हे भांडवल खरे, पण ते कोणाच्या तिजोरीत आहे हे सांगितल्याशिवाय त्याचे कौतुक करता येत नाही.

सातासमुद्रापार

वरचा प्रतिसाद फार महत्त्वाचा आहे. मी लंडनला राहते. स्त्रियांच्या कामाबद्दल आणि सक्तीबद्दल थोडे लिहिते, कारण 'स्वयंसेवक' म्हणताना हे दोन्ही राहून जाते.

स्त्रियांची स्वयंसेवी संघटना १९३८ साली लेडी रीडिंग यांनी स्थापन केली. त्या माजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या दुसऱ्या पत्नी. लग्नाआधी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कचेरीत काम केलेल्या. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या काही दिवसांत सुमारे पंधरा लाख मुले, माता आणि आजारी माणसे शहरांतून गावांकडे हलवली गेली, त्यातला मोठा भार याच बायकांनी उचलला. बॉम्ब पडलेल्या जागेजवळ टेबल टाकून चौकशीचा कक्ष चालवणे हे त्यांचे आणखी एक काम होते. घरच्यांचा शोध घेत आलेल्या माणसाला शोधपथकाच्या पायात येऊ न देता, तो मेला की दवाखान्यात आहे की मावशीकडे गेला आहे, हे सांगायचे. म्हणजे वॉर्डनच्या नोंदीचे दुसरे टोक यांच्या हाती होते. चहाच्या गाडीची छायाचित्रे सगळीकडे दिसतात. या टेबलामागे बसणे मला त्याहून फार कठीण वाटते.

आता सक्तीविषयी. २९ डिसेंबर १९४० च्या रविवारी रात्री लंडन शहराच्या जुन्या भागावर जेमतेम किलोभर वजनाचे आगलावे बॉम्ब हजारोंनी पडले. असा बॉम्ब वाळूच्या पिशवीने किंवा हातपंपाने दोन माणसे विझवू शकतात, मात्र ती माणसे पहिल्या काही मिनिटांत छपरावर हवीत. नाताळाच्या सुट्टीतला रविवार असल्याने कचेऱ्या आणि गोदामे कुलूपबंद होती, किल्ल्या मालकांकडे उपनगरांत होत्या आणि थेम्सला ओहोटी असल्याने पाणीही मिळेना. रेन या वास्तुकाराने बांधलेली आठ चर्चे त्या रात्री गेली. सेंट पॉल कॅथीड्रल वाचले, कारण तिथे वास्तुरचनाकारांसह अनेक स्वयंसेवकांचे रात्रपथक छपरांवर हजर होते आणि त्या चक्रावणाऱ्या जिन्यांचा व वाटांचा त्यांनी आधी सराव केलेला होता. त्यानंतर जानेवारी १९४१ मध्ये गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी आगपहारा सक्तीचा केला : १६ ते ६० वयाच्या पुरुषांना महिन्याला ४८ तासांपर्यंत. पुढे १९४२ मध्ये स्त्रियांनाही त्यात घेतले. लोकांनी सवलतीचे अर्ज करून ही सक्ती शक्य तितकी टाळली, हेही नोंदवले पाहिजे. स्वखुशीने आलेले सेंट पॉलचे पथक आणि हुकमाने छपरावर बसवलेला कारकून यांच्यात फरक पडणारच.

जाता जाता, रीजंट्स पार्कजवळच्या ऑगस्टस स्ट्रीटवर भारतीय स्वयंसेवकांचे एक रुग्णवाहिका केंद्र होते, ५० क्रमांकाचे. इथल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत त्याचा उल्लेख मी अजून ऐकलेला नाही.

कच्छी वारा

भुजजवळच्या माधापर गावाचे नाव यायला हवे होते. डिसेंबर १९७१ मध्ये भुजच्या हवाई तळाची धावपट्टी पाकिस्तानी बॉम्बहल्ल्यात उखडली गेली, तेव्हा माधापरच्या सुमारे तीनशे बायकांनी ७२ तासांत ती पुन्हा विमाने उतरण्याजोगी केली. तळाचे प्रमुख स्क्वॉड्रन लीडर विजय कर्णिक होते, म्हणजे मराठी वाचकांना अभिमान वाटावा असा एक धागा त्यातही आहे. वरून ओळखू येऊ नये म्हणून या बायका हिरव्या साड्या नेसल्या आणि भोंगा वाजला की बाभळीच्या झुडपांत दडायच्या. नंतर पन्नास हजार रुपयांचे बक्षीस मिळाले, ते त्यांनी गावाच्या कामाला दिले.

उलटतपासणी

माधापरच्या बायकांविषयी पूर्ण आदर ठेवून म्हणतो, की ते काम वेगळ्या जातीचे आहे. त्यांनी लष्कराला हात दिला; वॉर्डन लष्कराशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याला वाचवत होता. शिवाय पहिले काम तीन दिवसांत संपते आणि कथा होते, दुसरे पाच वर्षे चालते आणि कंटाळवाणे असते. आपल्याकडे पहिल्या प्रकारची आठवण राहते. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टिकिन' जहाजावरील दारूगोळ्याचे दोन स्फोट झाले आणि ६६ अग्निशामक गेले, म्हणून त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या जहाजावर स्फोटकांची खूण असलेला लाल बावटा चढवलेला नव्हता, हे मात्र सप्ताहाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येते.

भोंगा

मी मुंबईत नागरी संरक्षणाचे प्रशिक्षण घेतलेला साधा स्वयंसेवक आहे. आपल्याकडची चौकट लंडनच्याच मुशीतून आली आहे. होमगार्डची स्थापना ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत झाली, नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा आहे आणि वॉर्डन, चौकी, शोधपथक ही नावेही तीच आहेत. प्रथमोपचार, दोरीच्या गाठी, स्ट्रेचर हे सगळे नीट शिकवतात. रहिवाशांची नोंद ठेवण्याचा धडाही त्यात आहे, पण प्रत्यक्षात ती ठेवायला गेलो तर लोक दार उघडत नाहीत आणि तो त्यांचा दोष मी मानत नाही. आधार क्रमांक मागणारा, बँकेतून बोलतोय म्हणणारा आणि 'आमच्या इमारतीत अमुक लोक नकोत' म्हणणारा, हे तिघे आमच्या आधी तिथे येऊन गेलेले असतात. बर्फातला कावळा यांनी लिहिलेली भीती आमच्या जिन्यावर रोज भेटते.

यावर मी आमच्या सोसायटीत काढलेला तोडगा सांगतो. नावे लिहायचीच नाहीत. प्रत्येक घराने एका कागदावर फक्त चार गोष्टी लिहायच्या : रात्री साधारण किती माणसे असतात, कोणत्या खोलीत झोपतात, कोणाला उचलून न्यावे लागेल काय, आणि गॅस व विजेची मुख्य कळ कुठे आहे. तो कागद पाकिटात बंद करून, वर सदनिकेचा क्रमांक घालून, पहारेकऱ्याच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवायचा. पेटी आगीच्या किंवा पडझडीच्या वेळीच उघडायची आणि दर सहा महिन्यांनी पाकिटे परत देऊन नवी घ्यायची.

चाळकरी

भोंगा, कल्पना चांगली आहे, पण पहारेकऱ्याची खोली बहुधा इमारतीच्या पायाशीच असते. इमारत पडली तर पेटी त्याच ढिगाऱ्याखाली जाईल. दुसरा संच समोरच्या सोसायटीत ठेवा आणि त्यांचा आपल्याकडे घ्या. आणखी एक, किल्ल्यांचेही पाहा : गच्चीला कुलूप आणि किल्ली सचिवांच्या घरी, ही २९ डिसेंबरची अवस्था आमच्या बावीस मजल्यांत आजही आहे.

भोंगा

समोरच्या सोसायटीशी आमचा पार्किंगवरून वाद चालू आहे, तरी विचारून पाहतो. गच्चीच्या किल्लीचा विषय येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घातला आहे.